साहेबांची उलटी आणि मालकांचा शेरा

कुणाला उलटी झाली की माणसं आधी पाणी देतात, लिंबू हुंगायला देतात, पाठीवरून हात फिरवतात. उलटी झाल्याबरोबर "रंग कोणता?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आणि माझं नशीब असं, की लग्न होऊन मी ज्या घरात आले त्या घराचा तो मालक निघाला.

आता आमची मुलं शिकून नोकरीला लागली, तरी घरात कुणाचं पोट बिघडलं की आमचे हे आतल्या खोलीतून घसा खाकरून विचारतात, "ऑर्डिनरी की अर्जंट?" मुलांना वाटतं ही बाबांची गंमत. बाबांना एवढी गंमत सुचत असती तर माझा संसार निराळा झाला असता. ही मालकांची देणगी.

दादरहून भोईवाड्याकडे उतरणाऱ्या एका गल्लीत मालकांचं एकमजली दगडी घर होतं. वर मालक, त्यांच्या पत्नी आणि कुत्रा. खाली आम्ही. मालकीणबाईंना सगळी गल्ली 'काकी' म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. मालकांना मात्र कुणी 'काका' म्हटल्याचं आठवत नाही. त्या माणसात काका होण्यासारखं काही नव्हतं. घराणं मुंबईतलं जुनं. आजोबांच्या काळी माहीमपर्यंत यांच्या नारळाच्या वाड्या होत्या म्हणे. मालकांपर्यंत येताना त्यातलं उरलं होतं हे घर, सरळ नाक आणि सरकारी पेन्शन.

मालकांची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत टपालाच्या टेबलावर गेली. बाहेरून आलेल्या कागदाला रंगीत चिठ्ठी डकवायची, हे काम. पांढरी म्हणजे ऑर्डिनरी, पिवळी म्हणजे अर्जंट आणि तांबडी म्हणजे इमिजिएट. कुठल्या कागदाला कुठली चिठ्ठी, हे आतले साहेब सांगत. मालक डिंक लावत. पण वर्षानुवर्षं डिंक लावला की माणसाला हळूहळू वाटायला लागतं, चिठ्ठी आपणच ठरवतो.

पेन्शनीत निघाल्यावर डिंकाची बाटली कचेरीत राहिली, चिठ्ठ्या मालकांबरोबर घरी आल्या. दूध उतू गेलं: अर्जंट. दारात पोस्टमन: अर्जंट. काकींची दाढ ठणकते: ऑर्डिनरी. आमच्या मोरीचा नळ गळत होता, तो मी लग्न होऊन आले तेव्हाही ऑर्डिनरी होता आणि आम्ही जागा सोडली तेव्हाही ऑर्डिनरीच होता. ह्यांनी एकदा धीर करून सांगितलं, "मालक, नळाचं जरा बघता का?" तर मालक म्हणाले, "तुमचं प्रकरण माझ्या लक्षात आहे." त्या नळाखाली बादली ठेवायला मी शिकले, तोच माझा मुंबईतला पहिला धडा.

कुत्र्याचं नाव 'साहेब'. कचेरीतल्या एका पारशी सुपरिंटेंडंटनं घर बदलताना अल्सेशियनचं पिल्लू मालकांच्या गळ्यात मारलं होतं. ज्या माणसानं सारा जन्म साहेबांपुढे उभं राहून काढला, त्यानं कुत्र्याचं नाव साहेब ठेवलं, त्यात मला आधी मोठा सूड दिसला. वाटलं, आता हा घरी बसून म्हणणार, "साहेब, बस! साहेब, ऊठ!" पण तसं काही नव्हतं. मालक त्याला 'अहो' म्हणत. "साहेब, जेवून घ्या." "साहेब, पाय पुसायचे राहिले." गच्चीत एकच वेताची खुर्ची होती, तीत साहेब बसत आणि मालक कठड्याला टेकून पेपर वाचत. सूड घ्यायलासुद्धा अंगात थोडं साहेबपण लागतं. ते मालकांच्या अंगात मुळातच नव्हतं.

मालक 'अहो' म्हणत, तर भाडेकरूंनी 'अरे' म्हणायचं कसं? म्हणून आम्हीही त्या कुत्र्याला 'अहो'च म्हणत होतो. नव्या नवरीनं नवऱ्याला अहो म्हणायचं, सासऱ्यांना अहो म्हणायचं, आणि जिन्यात कुत्रा आडवा पडला असेल तर त्यालाही म्हणायचं, "अहो, जरा सरकता का?" माहेरी पत्रात मी हे लिहिलं नाही. लिहिलं असतं तर वडील दुसऱ्या दिवशी मुंबईच्या बोटीत बसले असते.

तर साहेबांना उलट्या होत. का होणार नाहीत? वरळी कोळीवाड्यातून येणारी कोळीण दारात टोपली उतरवली की आधी एक बोंबील साहेबांना टाकायची. समोरच्या बिल्डिंगमधली पोरं चिक्की चारत. काकी शिळी पोळी दुधात कुस्करून घालत. आणि रोज सकाळी साहेब मागच्या अंगणातलं गवत खात ते वेगळंच. इतकं खाऊन जो ओकणार नाही तो कुत्रा नव्हे, मंत्री.

उलटी झाली की ती पुसायची नाही, हा घरातला कायदा. मालक येऊन पाहत नाहीत तोवर फडकं लावायला बंदी. मालक मग पंचा बदलून, डोळ्यांवर चष्मा चढवून, हातात खराट्याची काडी घेऊन खाली बसत. काडीनं ढवळून पाहत. कधी झाली? जेवणाआधी की नंतर? किती? फेस आहे? आणि रंग? पांढरा फेस असला की ऑर्डिनरी. पिवळं पित्त असलं की अर्जंट. तांबडं दिसलं तर इमिजिएट. कचेरीतल्या चिठ्ठ्यांचे रंग आणि कुत्र्याच्या पोटातले रंग एकच कसे, असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. उलट ते म्हणत, "सरकारनं हे रंग काही उगाच ठरवलेले नाहीत."

या पंचनाम्याला पंच म्हणून मला बोलावत. कारण माझे वडील कोकणात शाळामास्तर, आणि शाळेच्या भिंतीला लागून एका वैद्यांचं घर होतं. त्या एका भिंतीच्या पुण्याईवर मालकांनी मला तज्ज्ञ ठरवलं. "सूनबाई, जरा वर या. तुमच्या घरात वैद्यकी आहे." मी हातातलं पीठ तसंच घेऊन वर जायची. काकी दारात उभ्या राहून म्हणायच्या, "ये गं बाई. हळदीकुंकवाला बोलवायचं तर यांना सुचत नाही, ओकारी बघायला बोलावतात."

एकदा साहेबांनी लालभडक ओकलं. मालक ओरडले, "रक्त! सूनबाई, रक्त! इमिजिएट!" मी एकदा वाकून पाहिलं आणि म्हटलं, "मालक, ही आमसुलं आहेत. मी गच्चीत वाळत घातली होती." मालक म्हणाले, "सूनबाई, रंग पाहा, रंग!" मी म्हटलं, "रंग आमसुलाचाच आहे." ते म्हणाले, "तुम्ही घाबरून बोलताय." टॅक्सी आली, साहेब मागच्या सीटवर, मालक पुढे, आणि परळच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी साहेबांचं तोंड पुसलेल्या पंच्याचा डाग नाकाशी नेऊन विचारलं, "सोलकढी कुणी केली होती?" परत आल्यावर मालकांनी मला दोष दिला नाही. फक्त म्हणाले, "तुमची आमसुलं तांबडी फार आहेत."

मी हे सांगून हसते, पण तेव्हा मीही शिकत चालले होते. एका दुपारी ह्यांना ऑफिसातून आल्यावर मळमळायला लागलं, तर माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल? "रंग कोणता?" हे मोरीतून तसेच ओणवे म्हणाले, "तूसुद्धा?"

त्या वर्षांत सगळी मुंबईच ढवळून निघत होती. शिवाजी पार्कवर सभा, गिरणगावातून मोर्चे, आज इथं लाठीमार, उद्या तिथं अश्रुधूर. आमचे हे ऑफिस सुटलं की परस्पर सभेला जात. काकी तर गल्लीतल्या बायकांना गोळा करून मोर्चाला निघत, पदर खोचून, डोक्याला रुमाल बांधून. मालक वरच्या कठड्यावरून बघत. त्यांचं मत ठरलेलं होतं. "मुंबईसह महाराष्ट्र झाला पाहिजे, ही मागणी रास्त आहे. पण अर्जंट म्हणता येणार नाही."

ह्यांचा संताप व्हायचा. "मालक, पोरं मार खातायत आणि तुम्ही चिठ्ठी शोधताय?"

"मार खाल्ल्यानं कागद वर सरकत नाही हो. कागदाची एक चाल असते."

"कागदाची चाल असते, तशी माणसाची पण असते!"

"ती घाईची असते," मालक म्हणायचे आणि साहेबांच्या डोक्यावरून हात फिरवायचे, जणू घरात समजूतदार तेवढे ते एकच.

एकदा काकी अश्रुधूर खाऊन परत आल्या. डोळे लाल, नाक वाहतंय, जिन्याच्या पायरीवर बसल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले. मालक वरून हळूहळू उतरले आणि वाकून विचारू लागले, "नुसतं पाणी येतंय की जळजळही आहे?"

काकींनी एक डोळा कसाबसा उघडला. "तुमच्याकडं बघून पाणी येतंय. जळजळ आतली आहे, ती लग्नापासूनची."

असा तो माणूस. जे डोळ्यांना दिसतं, हातात येतं, काडीनं ढवळता येतं, त्याचंच त्याला कळे.

अशात एके दिवशी हरताळ होता. ट्राम नाही, बस नाही, टॅक्सी नाही, दुकानं बंद. मोर्चा आमच्या गल्लीच्या तोंडावरून जायचा होता, म्हणून गल्लीतल्या बायकांनी मोर्चेकऱ्यांसाठी भात-आमटी करायची ठरवलं. काकींनी सकाळीच मोठ्या पातेल्यात भात शिजवून परातीत उपसून गच्चीत निवायला ठेवला आणि त्या आमटीकडे वळल्या. साहेबांनी त्या परातीतला निम्मा भात संपवला. मग खालून घोषणा ऐकू आल्या, तसे साहेब जिन्यातून खाली, खालून वर, परत खाली, भुंकत धावत सुटले. "साहेबांना आज भलतीच तरतरी आली आहे," मालक कौतुकानं म्हणाले.

थोड्या वेळानं वरून हाक आली. "सूनबाई, वर या."

मी गेले. साहेब भिंतीशी मान खाली घालून, पाय फाकवून उभे होते. सगळं अंग आखडून ओक काढत होते. ओक्, ओक्, ओक्. आणि तोंडातून काही नाही. फक्त लाळेची एक लांब तार.

मालक पंचा नेसून, काडी घेऊन तयार होते. ते खाली बसले. जमीन पाहिली. शहाबादी फरशी लख्ख होती.

"कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"काय कुठं?" मी म्हटलं.

"उलटी."

"काही पडलंच नाही मालक. नुसतीच ओक काढतायत."

मालकांच्या चेहऱ्यावर मी जे समाधान पाहिलं, ते मला अजून विसरता येत नाही. ते उठले, काडी कोपऱ्यात ठेवली, हात झटकले. "मग उलटी झालीच नाही. कागद आला नाही तर शेरा कशावर मारायचा?" आणि वर्तमानपत्र उघडून ते कठड्याशी उभे राहिले.

साहेब बसले. उठले. परत बसायला गेले आणि कण्हत उठले. पुन्हा ओक्, ओक्. पुन्हा काही नाही. ते मान वळवून आपल्याच पोटाकडे बघत होते, जणू तिथे कुणी अनोळखी येऊन बसलं होतं. मला काही कळत नव्हतं, भिंतीपलीकडच्या वैद्यकीनं ऐन वेळी दगा दिला होता. पण एवढं दिसत होतं की हे नेहमीचं नाही.

"मालक, डॉक्टरांकडे न्यायचं का?" मी विचारलं.

"काय सांगायचं डॉक्टरांना? काही झालं नाही, म्हणून आणलं?" मालक म्हणाले. "पडू दे. मग बघू."

आणि मग जे झालं ते कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. मालकांनी हातातला पेपर पसरून साहेबांच्या तोंडाखाली ठेवला. आम्ही दोघं त्या कुत्र्यासमोर उकिडवे बसलो. मालक अजिजीनं म्हणत होते, "साहेब, काढा. थोडं तरी काढा. रंग दिसला की लगेच निघू." माझ्याही तोंडून निघालं, "हं साहेब, जोर लावा." पुढं बाळंतपणात सुइणीनं मला हेच म्हटलं, तेव्हा मला त्या स्थितीत हसू फुटलं आणि सुईण घाबरली.

तेवढ्यात काकी आमटीचं पातेलं उतरवून पदराला हात पुसत आल्या. त्यांनी साहेबांकडे पाहिलं आणि सरळ पुढे होऊन त्यांच्या बरगडीमागे हात ठेवला. मग बोटानं टिचकी मारली. ढब् असा आवाज आला. पोट बाजूनं टरारून फुगलं होतं.

"अगं बाई! नगारा झालाय पोटाचा," काकी म्हणाल्या. "कधीपासून?"

"मघापासून," मी म्हटलं.

"आणि तुम्ही काय करताय इथं?"

"वाट बघतोय," मालक म्हणाले.

"कशाची?"

मालकांनी पेपराकडे बोट दाखवलं.

काकींनी तो पेपर उचलला, चोळामोळा केला आणि कठड्यावरून खाली टाकला. "जे बाहेर यायचं ते येत नाही, म्हणून तर मरतंय ते जनावर! पाडायला काय उलटी म्हणजे आंबा आहे? सूनबाई, ह्यांना हाक मार तुझ्या. आणि कोपऱ्यावरच्या वखारवाल्याची हातगाडी मागून आण."

वखार लाकडाकोळशाची होती. हरताळामुळे वखारवाला ओट्यावर विडी ओढत बसला होता. "साहेबांना परळला न्यायचंय," म्हटल्यावर तो उठला. पोती झटकून गाडीवर अंथरली. हे आणि तो, दोघांनी मिळून साहेबांना खाली आणलं. एवढा मोठा कुत्रा, पण चावायचं त्राण त्याच्यात नव्हतं. गाडी निघाली तेव्हा पुढे वखारवाला, मागून हे, एका बाजूला काकी, दुसऱ्या बाजूला मी. मालक गाडीच्या मागोमाग, अंगात काळा कोट. पंच्यावर कोट. कोट का, असं मी पुढं विचारलं तर म्हणाले, "बाहेर पडायचं होतं ना."

मोठ्या रस्त्याला लागलो आणि मोर्चा समोर. रस्ता माणसांनी गच्च. एक स्वयंसेवक आडवा आला. "ए, गाडी मागं घ्या! दिसत नाय काय? कोण आहे गाडीवर?"

वखारवाला घामाघूम होऊन ओरडला, "साहेब आहेत रे! पोट फुगलंय त्यांचं!"

मग मागून कुणीतरी म्हणालं, "सगळ्याच सायबांचं फुगलंय! हे कुठले, दिल्लीचे की इथले?" आणि हास्याचा असा लोट उठला की पुढची घोषणाच बुडाली. एकानं पोतं वर करून पाहिलं. साहेबांची जीभ बाहेर लोंबत होती. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. त्या पोराचं हसू तिथंच थांबलं. "अरे, कुत्रा आहे. मरतोय बिचारा. ए, बाजू व्हा रे! वाट द्या, वाट!" आणि त्या गर्दीनं वाट दिली. चारदोन हात गाडीलाही लागले.

पुढं पोलीस. दोरी बांधलेली, काठ्या आडव्या. एका इन्स्पेक्टरनं हात केला. "कुठं चाललात?"

आता इथं मालक पुढे झाले. गणवेश दिसला की त्यांची पाठ आपोआप वाकत असे. "त्याचं असं आहे साहेब," ते सुरू झाले, "आज सकाळी न्याहारीनंतर यांची प्रकृती उत्तम होती. त्यानंतर प्रथमतः..."

गाडीवर साहेब कण्हले. मालक प्रथमतःच्या पुढे द्वितीयतःकडे निघाले होते. काकींनी त्यांना दंडाला धरून बाजूला केलं. "कुत्रा मरतोय. दवाखान्यात नेतोय. सोडा." इन्स्पेक्टरनं दोरी उचलली. एवढंच. मालक जाताना त्यांना नमस्कार करायला थांबले, त्यांना आम्ही ओढून नेलं.

डॉक्टरांनी साहेबांच्या पोटाला हात लावला आणि मान वर न करता विचारलं, "ओकतोय, पण काही बाहेर पडत नाही?"

"अगदी बरोबर," मालक म्हणाले. "म्हणूनच आम्ही घाई केली नाही."

डॉक्टरांनी तेव्हा मान वर केली. त्यांनी मालकांच्या चेहऱ्याकडे, कोटाकडे, पंच्याकडे एकदा पाहून घेतलं. "जे बाहेर पडतं ते निदान बाहेर पडतं हो," ते म्हणाले. "आमसुलं घेऊन टॅक्सीनं येता आणि हे घेऊन आत्ता?"

त्यांनी तोंडातून नळी घालून पाहिली. ती अडली. पोटाला पीळ पडला होता. डॉक्टर हात धूत म्हणाले, "पोट उघडावं लागेल. वाचेल असं सांगत नाही. टेबलावर जाऊही शकतो. नाही उघडलं तर मात्र नक्की जाणार. मालक कोण?"

गल्लीत दिवसातून वीस वेळा ज्याला मालक म्हणत, तो माणूस मागे वळून पाहू लागला, कुणी आहे का ते. मागे आम्हीच होतो.

"मी," मालक म्हणाले.

"मग सांगा. करू की नको?"

"आपल्याला काय वाटतं?"

"मला वाटून उपयोग नाही. कुत्रा तुमचा."

मालकांनी काकींकडे पाहिलं. जिला बोलताना मी कधी शब्द शोधताना पाहिलं नव्हतं, ती बाई त्या वेळी ओठ मिटून उभी राहिली. ह्यांनी पुढे होऊन काही म्हणायला तोंड उघडलं, तर काकींनी नुसता हात आडवा धरला. मालकांनी ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दारात उभ्या कोळशानं काळ्या झालेल्या वखारवाल्याकडेही पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

मग ते टेबलाशी वाकले, अगदी कानाशी. "साहेब," ते हळूच म्हणाले, "काय करायचं? सांगा ना."

साहेबांचा डोळा अर्धा उघडा होता. तो मालकांवर नव्हता, कशावरच नव्हता. साहेबांनी काही शेरा दिला नाही.

मालक सरळ उभे राहिले. "करा," ते म्हणाले. आणि एवढ्यानं भागलं नाही असं वाटून, जरा मोठ्यानं, "लवकर करा."

आम्ही बाहेर बाकावर बसलो. लांबून घोषणांचा आवाज येत होता. मालक दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. "चुकलं तर?" त्यांनी काकींना विचारलं.

"चुकलं तर चुकलं."

"म्हणजे माझं चुकलं."

"मग काय माझं?" काकी म्हणाल्या. पण बोलता बोलता त्यांनी त्यांच्या कोटाच्या बाहीवरची कोळशाची भुकटी झटकली. त्या दोघांत एवढी जवळीक मी आधी पाहिली नव्हती.

साहेब वाचले. कसे, ते डॉक्टरांना ठाऊक आणि साहेबांना. मधले दिवस मालक दवाखान्यातच पडून असत. पोटावर टाक्यांची रांग आणि अर्ध्या अंगाचे केस भादरलेले, अशा थाटात साहेब घरी परतले, तेव्हा गल्लीनं जिन्याशी येऊन त्यांचं स्वागत केलं. मालकांच्या तोंडून मात्र आता नवीनच इतिहास ऐकू येऊ लागला. "मी बघितल्याबरोबर ओळखलं," ते सांगत. "म्हटलं, काही पडत नाही, म्हणजे आत काहीतरी घोटाळा आहे." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकींकडे पाहिलं. काकी तांदूळ निवडत राहिल्या.

दोनतीन दिवसांनी सकाळी साहेबांनी मागच्या अंगणात जुन्या सवयीनं गवताची चार पाती चावली आणि जिन्याशी येऊन चमचाभर फेस टाकला. काकी न्हाणीघरात होत्या. मी दाणे भाजत होते. बघते तर मालक अनवाणी, गंजीवर, त्या कुत्र्याला कवेत घ्यायचा प्रयत्न करतायत. ना काडी, ना चष्मा. "सूनबाई, टॅक्सी!"

मी म्हटलं, "अहो मालक, गवत आहे. नेहमीचंच."

"टॅक्सी!"

दाणे तसेच टाकून मीही टॅक्सीत बसले. परळला डॉक्टरांनी साहेबांचं पोट दाबून पाहिलं, टाके पाहिले आणि हसले. "अहो, ही अगदी साधी उलटी. घाबरण्यासारखं काही नाही."

मालक धापा टाकत खुर्चीत बसले. कुणी बसा म्हणायच्या आत बसले. "डॉक्टर," ते म्हणाले, "साधी का कशी, ते तुम्ही ठरवा. न घाबरणं तुमचं काम. घाबरणं माझं."

परत आल्यावर काकी केस पुसत जिन्यात उभ्या होत्या. मालक साहेबांना घेऊन वर गेल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, शब्दन्‌शब्द. मला वाटलं, काकींना भरून येईल.

काकींनी टॉवेल झटकला. "एवढी अक्कल यायला पोट फाडावं लागलं बाई," त्या म्हणाल्या. "आणि तेही दुसऱ्याचं."